उत्तरेच्या हद्दीवरची झाडं

मला राग लवकर येतो असं घरचे सगळे सांगतात. खरं म्हणजे मला राग वेळेवर येत नाही. ज्या दिवशी यायला हवा त्या दिवशी मी गप्प बसते आणि पुढची कित्येक वर्षं भांडी आपटत राहते. ही गोष्ट अशाच उशिरा आलेल्या रागाची आहे. ती सांगताना मी कुणाला सोडणार नाही, स्वतःलाही नाही.

आम्ही न्यूझीलंडला आलो ते दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला. नवरा सॉफ्टवेअरमधला, मी नगररचना शिकलेली. पुण्यात मी धरणात गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाचे नकाशे काढत असे. मनुरेवा नावाच्या उपनगरात भाड्याचं घर घेतलं, मुलीला शाळेत घातलं आणि सहा महिने अर्जांवर अर्ज केल्यावर मला पेनरोजच्या एका छोट्या कन्सल्टन्सीत नोकरी लागली. नवऱ्याचं काम कंत्राटी होतं, त्यामुळे आमचा कायमच्या रहिवासाचा अर्ज माझ्या नोकरीवर उभा होता. त्यासाठी माझ्या साहेबाच्या सहीचं एक पत्र लागणार होतं. ते पत्र पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

ऑफिसच्या चारी बाजूंना पत्र्याची गोदामं. खिडकीतून दिवसभर ट्रक मागे घेताना दिसायचे, आणि आत बसून आम्ही खेडी आखायचो. साहेबाला तिथे सगळे नावानेच हाक मारतात, मीही मारायचे, पण इथे मी त्याला साहेबच म्हणणार आहे. माणूस गोड होता. कधी आवाज चढवायचा नाही. प्रत्येक नकाशा लाल पेनाने तपासायचा, स्वल्पविरामसुद्धा सोडायचा नाही. हेही लक्षात ठेवा.

मला मिळालेलं पहिलं मोठं काम म्हणजे दक्षिणेकडच्या एका जुन्या गाईंच्या फार्मवर नवं खेडं वसवायचं. खेडं हा त्यांचा शब्द. चाळीस बंगले, मध्ये तळं, तळ्यावर लाकडी पूल, प्रवेशाशी मुद्दाम जुनं दिसेल असं गोठ्याच्या लाकडाचं फाटक. दुकान नाही, शाळा नाही, बस नाही, देऊळ-चर्च काही नाही. मरण आलं तर पुरायलाही दुसरीकडे न्यायचं. दुधाची पिशवी आणायला गाडी काढावी लागेल त्या जागेला खेडं म्हणायचं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी मात्र पुलाचा कठडा किती जुना दाखवायचा यावर एक अख्खा आठवडा घालवला.

या खेड्याच्या दक्षिणेला, कुंपणापलीकडे एकच घर होतं. लहानसं, लाकडी, पांढरा रंग पोपडे धरलेला. तिथे एक म्हातारी बाई एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिच्या नजरेसमोर चाळीस बंगले उभे राहणार म्हणून कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, सांगितलं, हद्दीवर दाट झाडी लावा, म्हणजे तिला पूर्वीसारखंच रानात राहिल्यासारखं वाटेल. झाडी आखायचं काम माझ्याकडे आलं. मी सदाहरित सायप्रसची दुहेरी रांग काढली, भराभर वाढणारी, भिंतीसारखी मिटणारी. रांग खेड्याच्या दक्षिण हद्दीवर, म्हणजे तिच्या घराच्या बरोबर उत्तरेला.

इथे माझी चूक आहे आणि ती नीट सांगायला हवी. पुण्यात सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडे कललेला असतो. झाडाची सावली उत्तरेला पडते. घराच्या उत्तरेला कितीही मोठं झाड लावा, घराचं ऊन अडत नाही. पुण्याच्या ऑफिसात आम्ही डोळे मिटून मोठी झाडं उत्तरेच्या हद्दीवर टाकायचो. न्यूझीलंडमध्ये सूर्य उत्तरेकडून फिरतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, चौथीच्या भूगोलातलं पोरही सांगेल. पण डोक्याला माहीत असणं वेगळं आणि हाताला माहीत असणं वेगळं. माझ्या हाताने दहा वर्षं जे केलं तेच केलं, आणि डोकं पुलाच्या कठड्यात अडकलेलं होतं.

तिथला नियम असा की शेजाऱ्याने नकाशावर सही करून लेखी संमती दिली की त्याच्यावर काय परिणाम होईल हे कौन्सिल बघतच नाही. त्याने स्वतःच मान्य केलं ना, मग झालं. म्हणून संमती आणणं हे आमच्या धंद्यातलं कौशल्याचं काम. साहेब म्हणाला, "तू जा. तुझा चेहरा विश्वास ठेवावा असा आहे." मी हे कौतुक समजले.

मे महिन्यात, म्हणजे तिथे हिवाळ्याच्या तोंडावर, सकाळी दहाच्या सुमाराला गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून स्टीलच्या डब्यात शंकरपाळ्या नेल्या. तिच्या स्वयंपाकघराला एक मोठी खिडकी होती, खिडकीच्या फळीवर शेवटचे हिरवे टोमॅटो पिकायला मांडलेले, खाली टेबल आणि एक खुर्ची, तिची गादी बसून बसून खोलगट झालेली. बाईने चहा केला. शंकरपाळी दाताखाली फोडून ती हसली आणि म्हणाली, हे तर आमच्या शॉर्टब्रेड बिस्किटाचं भावंड आहे. मी तिला सांगितलं, आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, काहीतरी घालून द्यायचं असतं. तिला ही रीत फार आवडली. या वर्षीचे टोमॅटो संपत आले, पुढच्या उन्हाळ्यात डबा भरून देईन, तोवर डबा माझ्याकडेच राहू दे, असं म्हणून तिने तो धुऊन फळीवर ठेवला.

मग मी नकाशा पसरला. तिने एकच प्रश्न विचारला.

"झाडांची सावली माझ्यावर नाही ना येणार? मला या खिडकीशिवाय दुसरं काही लागत नाही."

"नाही," मी म्हणाले. "सावली पलीकडे पडेल, त्या बंगल्यांवर. तुमच्या घरावर नाही. हे माझं शिक्षणच आहे."

हे शेवटचं वाक्य मी बोलले. आज आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते. ऊन त्याच खिडकीतून टेबलावर आलेलं होतं, नकाशावरसुद्धा पडलं होतं, आणि मी मनात म्हटलं, सकाळ आहे, पूर्वेचं असणार.

तिने पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. बोटं संधिवाताने वाकलेली होती. "जरा थांब हं, आधी गरम होऊ देत," असं म्हणून तिने दोन्ही हात उन्हात टेबलावर उताणे ठेवले. दोन-चार मिनिटांनी बोटं मोकळी झाल्यावर तिने प्रत्येक पानावर सही केली. मी ऑफिसात परतले तेव्हा साहेबाने सगळ्यांसमोर टाळी दिली.

जून उजाडला. आमच्या घरमालकाने कपडे वाळत घालायची तार घरासमोर, अगदी रस्त्याच्या तोंडावर लावली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला आपले परकर कोण दाखवणार, म्हणून मी मागच्या अंगणात स्वतःची दोरी बांधली होती. उन्हाळ्यात कपडे वाळले. जूनमध्ये तीन-तीन दिवस वाळेनात, कुबट वास यायला लागला. एका बुधवारी मुलीला ताप होता म्हणून मी घरी राहिले. दुपारी बारा वाजता मागे गेले तर गवतावर सकाळचं दहिवर तसंच, पावलं भिजली. पुढे येऊन बघते तर अंगण कोरडं, तार तापलेली, मांजर उन्हात आडवं पडलेलं. सूर्य समोरच्या बाजूला, खाली, घरांच्या छपरांवर टेकल्यासारखा. आणि आमच्या घराची सगळी सावली मागे, दक्षिणेला, माझ्या दोरीवर.

मी ओली चादर हातात घेऊन तिथेच उभी राहिले. खिडकीतून मुलीने विचारलं, "आई, व्हाय आर यू जस्ट स्टँडिंग देअर?" मला त्या बाईचे उताणे हात दिसत होते.

गुरुवारी ऑफिसात जाऊन मी आधी फाइल काढली. मनात एवढंच होतं की नकाशा बदलू, झाडं काढून तिथे कमरेएवढं कुंपण देऊ, साहेबाला माझी चूक सांगू, बोलणी खाऊ. फाइलमध्ये माझ्या नकाशाची तपासलेली प्रत होती. झाडांच्या रांगेभोवती लाल पेनाचं वर्तुळ. वर्तुळातून एक बाण तिच्या घरावर, आणि बाणाशी लिहिलेलं: हिवाळाभर सावली. त्याच्याखाली, त्याच अक्षरात, त्याच पेनाने: राहू दे, सही झाली आहे.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. चूक माझी होती, पण ती महिनाभर चूक राहिली होती ती माझ्यापुरतीच. साहेबाने ती पहिल्याच नजरेत ओळखली होती आणि उचलून कामाला लावली होती. झाडं तिच्या हद्दीपासून मागे घ्यायची तर तीन प्लॉट कमी होणार होते. नवा नकाशा न्यायचा तर नवी सही लागणार होती, आणि तिला सावलीचं खरं सांगितलं तर ती सही करणार नव्हती. मी खोटं बोलले असते तर एवढ्या विश्वासाने बोलूच शकले नसते. माझ्या अज्ञानाइतकं चांगलं हत्यार त्याला शोधून सापडलं नसतं.

मी नकाशा घेऊन त्याच्या टेबलाशी गेले. तो शांतपणे ऐकत राहिला.

"हे बघ," तो म्हणाला, "ती सज्ञान बाई आहे. तिथे सत्तर वर्षं राहते. सूर्य कुठून येतो हे तिला तू सांगायचंस की तिने तुला?"

"तिने विचारलं होतं. मी चुकीचं सांगितलं."

"मग ते तुझं आणि तिचं झालं, नाही का?" तो हसला. "इट्स ऑल गुड. अरे हो, तुझं इमिग्रेशनचं लेटर. उद्या करून टाकतो. स्वीट ॲज, ठीक ना?"

त्याने धमकी दिली नाही. धमकी दिली असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते. त्याने नुसती दोन वाक्यं एकाला लागून एक ठेवली. दुपारच्या चहाला कुणीतरी मला विचारलं, आज सूर्य कुठल्या बाजूला आहे गं, आणि सगळे हसले. म्हणजे गोष्ट आधीच सगळ्यांना माहीत होती. इंडियातून आलेल्या बाईने सूर्य उलटा टांगला, हा विनोद ऑफिसात बरेच दिवस पुरला. त्या विनोदात लाल पेन कुठेच नव्हतं.

मला पुण्याचं एक पुनर्वसित गावठाण आठवत राहिलं. तिथे आम्ही सगळी दारं रस्त्याकडे काढली होती, आणि वाऱ्याची धूळ थेट चुलीत जायची. एका बाईने माझा नकाशा हिसकावून घेतला होता आणि म्हणाली होती, "बाई, तुम्ही आठ दिस इथं ऱ्हाऊन दावा, मग काढा दारं." मी तेव्हा चिडले होते, पण दारं बदलली होती. त्या बाईला माझं शिक्षण दिसलं नव्हतं, धूळ दिसली होती. इथे मला कुणी तसं अडवलं नाही. इथली माणसं चहा पाजतात आणि सही करतात.

संमती मागे घेता येते, हे मला ठाऊक होतं. कौन्सिलचा निर्णय होण्याआधी त्या बाईने चार ओळी लिहून दिल्या की पुरे. म्हणजे मी गुरुवारीच संध्याकाळी तिच्याकडे जायला हवं होतं. घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं.

"अगं, पण हीप्स ऑफ लोक अशा मिस्टेक्स करतात," तो म्हणाला. "उद्या लेटर हातात येऊ दे ना. सॅटरडेला जा. एका दिवसाने काय होणार आहे?"

मला तेच ऐकायचं होतं. पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती ही. नवऱ्यावर मी पुढे पुष्कळ ओरडले, पण त्याने मला अडवलं नव्हतं, मीच अडवून घेतलं होतं.

शुक्रवारी दिवसभर मी टेबलाशी बसून होते. चार वाजता साहेबाने पत्र आणून दिलं. माझ्याबद्दल त्यात फार चांगलं लिहिलं होतं, प्रामाणिक हा शब्दही होता. मी थँक्यू म्हणाले.

शनिवारी सकाळी गेले. रिकाम्या हाताने. पत्र पर्समध्येच होतं, काढून ठेवायचं भान नव्हतं. बाईने दार उघडलं, मला बघून तिला आनंद झाला, तिने केटल लावली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. झाडं मोठी झाली की एप्रिल ते सप्टेंबर या खिडकीत ऊन येणार नाही, मी चुकीचं सांगितलं, ऑफिसात ते माहीत होतं, माफ करा.

ती त्या खोलगट खुर्चीवर बसली.

"मला त्या दिवशी वाटलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, ऊन तर तिकडूनच येतं. पण तू इतक्या खात्रीने सांगत होतीस. म्हटलं, शिकलेली मुलगी आहे, हिला आपल्यापेक्षा कळत असेल."

मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण इतकं कधी लागलं नव्हतं. ती सत्तर वर्षं त्या उन्हात बसली होती आणि माझ्या एका वाक्यावर तिने स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं होतं. आम्हा शिकलेल्यांचा माज असतो तो हा. तो ओरडत नाही, समजावून सांगतो.

मी तिला कागद दिला. तिने पुन्हा हात उन्हात ठेवले, बोटं मोकळी होईपर्यंत थांबली आणि संमती मागे घेत असल्याच्या चार ओळी लिहिल्या. निघताना फळीवरच्या डब्याकडे बोट करून म्हणाली, तुझा डबा आहे हं माझ्या लक्षात.

सोमवारी कौन्सिलचा काउंटर उघडायच्या आधी मी दाराशी उभी होते. काउंटरवरच्या मुलीने कागद घेतला, कॉम्प्युटरवर बघितलं आणि फार वाईट वाटल्याच्या आवाजात म्हणाली, सॉरी, यावर निर्णय झालाय. शुक्रवारी दुपारी.

मी तिथे काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आवाज चढला होता एवढं खरं, कारण रांगेतली माणसं मागे सरकली. ती मुलगी बिचारी मला पाण्याचा ग्लास आणून द्यायला निघाली. राग ज्याच्यावर काढायचा तो पेनरोजला बसला होता आणि जिच्यावर काढायचा ती काउंटरच्या अलीकडे उभी होती.

नोकरी मी त्याच महिन्यात सोडली नाही. सोडली असं सांगायला मला आवडलं असतं. रहिवासाचा शिक्का पासपोर्टवर पडेपर्यंत मी तिथेच होते, पुढचे आठ महिने, रोज सकाळी साहेबाला गुड मॉर्निंग म्हणत. मग सोडली. जाताना लाल पेनाचा तो नकाशा झेरॉक्स करून घेतला. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, फाइलमध्ये आहे.

त्यानंतर चार वर्षं मी त्या रस्त्याला गेले नाही. मग एका जूनमध्ये, कामासाठी तिकडे जायची वेळ आली. खेडं झालं होतं. जुनं दिसणारं फाटक होतं, तळ्यावर पूल होता, पुलावर एकही माणूस नव्हतं. झाडं मी काढली होती तशीच आली होती, दाट, एकसारखी, दुमजली घराएवढी. एवढं तंतोतंत माझं दुसरं कुठलंच काम उतरलेलं नाही. त्यांच्या मागे ते पांढरं घर ओलं दिसत होतं, भिंतीच्या खालच्या फळ्यांवर हिरवी बुरशी चढलेली. दुपारचा एक वाजला होता आणि स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता.

बाई घरात नव्हती. ती रस्त्याच्या कडेला, लेटरबॉक्सशेजारी बसली होती. झाडांची सावली जिथे संपते तिथे हातभर ऊन होतं, तेवढ्या उन्हात तिने ती खोलगट खुर्ची आणून ठेवली होती. अंगात ओव्हरकोट, दोन्ही हात पत्र्याच्या लेटरबॉक्सवर टेकलेले. मी गाडी पुढे काढली असती, पण तिने मला ओळखलं आणि हात वर केला.

मी उतरले. ती म्हणाली, थांब, तुझी एक वस्तू आहे. मी नको म्हणेपर्यंत ती उठली, हळूहळू त्या सावलीतून घरात गेली आणि परत आली. हातात माझा स्टीलचा डबा होता, घासून लख्ख केलेला.

"तुमच्याकडे रिकामा देत नाहीत, माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण टोमॅटो आता पिकत नाहीत गं घरात. सॉरी हं."

मी डबा घेतला आणि नो वरीज म्हणाले.